सेल्फ ‘कट’ करून थांबतो? जुन्या जीप, अँबॅसॅडर, पद्मिनीचा रिले घेण्याआधी एवढं बघा

रबाळे : चावी फिरवली, ‘कट’ असा आवाज आला आणि गाडी ढिम्म. जुनी गाडी सांभाळणाऱ्यांना हा आवाज चांगला ओळखीचा आहे. शेजारचा कोणीतरी सांगतो, “सेल्फचा रिले गेला, नवीन टाक.” मालक दुकानात जातो आणि मोबाईलमधला फोटो दाखवतो. फोटोसारखा दिसणारा रिले मिळतोही. तो बसवल्यावर कधी गाडी सुरू होते, कधी होत नाही. कधी कधी तर चावी काढून घेतली तरी सेल्फ फिरतच राहतो आणि वायरीतून धूर निघायला लागतो.

रबाळे एमआयडीसीत ट्रक-टेम्पोंची वर्दळ असल्याने ऑटो इलेक्ट्रिशियनचं काम इथे कायम चालतं. शहापूर, मुरबाड, भिवंडीकडची माणसं नोकरी-धंद्यानिमित्त या पट्ट्यात येतात, तेव्हा गावाकडच्या जुन्या गाडीचा पार्टही पिशवीत घालून आणतात. ‘सेल्फचा रिले’ या एकाच नावाखाली दुकानात निदान तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. दिसायला त्यातल्या काही जुळ्या भावंडांसारख्या असतात, काम मात्र वेगळं. पैसे बहुतेक वेळा इथेच वाया जातात.

नव्या गाडीचा पार्ट नंबर कंपनीच्या काउंटरवर सांगितला की काम होतं. जुन्या गाड्यांना ती सोय उरली नाही. पद्मिनी बनवणारा कुर्ल्याचा प्रीमियरचा कारखाना केव्हाच थांबला. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती, वीस वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये तीही रस्त्यावरून गेली. अँबॅसॅडरचं उत्पादन मे २०१४ मध्ये बंद झालं. जुन्या विलीस धाटणीच्या जीपची तर गोष्टच वेगळी. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत महिंद्राने त्या जोडायला सुरुवात केली, त्यानंतर मालकामालकांनी त्यांच्यात इंजिन, डायनामो, सेल्फ असं काय काय बदललं याची मोजदाद नाही. त्यामुळे ‘अमुक मॉडेलचा रिले द्या’ असं म्हणून भागत नाही. आज तुमच्या गाडीत काय बसलंय ते आधी बघावं लागतं.

मोटरपंपाचा स्टार्टर आठवा

विहिरीवरच्या मोटरचा स्टार्टर बहुतेकांनी उघडून पाहिला असेल. हिरवं बटण दाबलं की आतल्या कॉइलला थोडासा करंट मिळतो, कॉइल लोखंड ओढते आणि जाड कॉन्टॅक्ट जुळतात. मोटरचा सगळा करंट त्या कॉन्टॅक्टमधून जातो, बोटाखालच्या बटणातून नाही. गाडीच्या सेल्फचा रिले हेच काम करतो.

पेट्रोल कारचा सेल्फ इंजिन फिरवताना १०० ते २०० अँपिअर करंट ओढतो. डिझेल इंजिनाचं कॉम्प्रेशन जास्त, म्हणून तिथे आकडा याच्याही वर जातो. घरातल्या प्लगच्या १५ अँपिअरशी तुलना करा म्हणजे अंदाज येईल. एवढा करंट चावीच्या स्विचमधून नेला तर स्विच पहिल्याच दिवशी वितळेल. म्हणून चावी फक्त रिलेच्या कॉइलला हुकूम देते आणि बॅटरीचा जाड करंट रिलेतल्या तांब्याच्या चकतीतून सेल्फकडे जातो.

मोटारीला विजेचा सेल्फ लागला तो १९१२ च्या कॅडिलॅकपासून, अमेरिकेत. त्याआधी हँडल मारायचं. आपल्याकडच्या जुन्या जीपला पुढून हँडल घालायची सोय असते ती याच परंपरेतली.

तुमच्या गाडीत कुठला प्रकार आहे?

बॉनेट उघडा आणि बॅटरीच्या प्लसपासून निघालेल्या जाड केबलचा माग काढा. केबल कुठे जाते यावर सगळं ठरतं.

केबल आधी मडगार्डवर किंवा फायरवॉलवर बसवलेल्या डबीत गेली आणि तिथून दुसरी जाड केबल खाली सेल्फकडे निघाली, तर ती डबी म्हणजे वेगळा बसवलेला सोलेनॉईड. जुन्या इंग्रजी आणि अमेरिकन धाटणीच्या गाड्यांत हाच असतो. खालचा सेल्फ बेंडिक्स पद्धतीचा. करंट मिळाला की तो झटक्यात फिरतो आणि त्या झटक्यानेच त्याचं पिनियन सरकून फ्लायव्हीलच्या दातात अडकतं. इथे सोलेनॉईडला करंट जोडण्या-तोडण्याशिवाय दुसरं काम नाही. म्हणून व्होल्टेज, ताकद आणि टर्मिनल जुळले तर दुसऱ्या कंपनीचाही चालतो. काही इंग्रजी सोलेनॉईडच्या मागे रबरी टोपीखाली बटण असतं, ते दाबून बॉनेटजवळूनच इंजिन फिरवता येतं. सोय मोठी आहे, पण धोक्याचीही आहे, त्याबद्दल पुढे येईलच.

केबल सरळ सेल्फवर गेली असेल आणि सेल्फच्या पाठीवर एक लहान नळकांडं बसलेलं असेल, तर तो दुसरा प्रकार. हे नळकांडं दोन कामं करतं : आधी काटा ओढून पिनियन दातात सरकवतं, मग करंट जोडतं. डिझेल जीपना आणि नंतरच्या बहुतेक गाड्यांना हाच असतो. इथे ‘सारखा दिसणारा’ चालत नाही. आतल्या प्लंजरची लांबी आणि पुढचा हूक त्या सेल्फच्या काट्याशी जुळावाच लागतो. तो जुळला नाही तर पिनियन पूर्ण सरकण्याआधीच मोटर फिरायला लागते आणि फ्लायव्हीलच्या रिंगचे दात घासले जातात. रिंग बदलायची तर गिअरबॉक्स खाली घ्यावा लागतो. स्वस्तातल्या पार्टपायी हा खर्च कोणाला परवडणार? या प्रकारात गाडीचं मॉडेल सांगू नका. सेल्फच्या पट्टीवर कोरलेला नंबर सांगा आणि जुना सोलेनॉईड हातात घेऊन जा. लुकास-टीव्हीएस ही चेन्नईची कंपनी १९६१ पासून आपल्याकडच्या गाड्यांना सेल्फ पुरवत आली आहे, त्यामुळे पट्टीवर ते नाव सापडायची शक्यता बरीच. बदलीचा सेल्फ बसलेला असेल तर नंबर त्या बदलीच्या सेल्फचाच धरायचा.

तिसरी वस्तू म्हणजे चौकोनी छोटा रिले, ज्याच्या पायांवर ३०, ८५, ८६, ८७ असे आकडे असतात. हॉर्नला, हेडलाईटला वापरतात तोच. हा ३०-४० अँपिअरचा असतो. सेल्फचा मुख्य करंट याच्यातून कधीच न्यायचा नाही. मात्र चावी आणि दुसऱ्या प्रकारचा सोलेनॉईड यांच्यामध्ये मदतनीस म्हणून तो फार कामाचा आहे.

आणखी एक चौथा प्रकार आहे, ज्यात रिलेच नसतो. महायुद्धाच्या काळातल्या ६ व्होल्टच्या जीपना पायाने दाबायचं बटण होतं, फियाटच्या काही जुन्या मॉडेलांत केबल ओढून सेल्फ जोडायची सोय होती. त्यात रिले ‘गेला’ असं कोणी सांगितलं तर आधी तो दाखवायला सांगा.

खरंच रिले गेलाय का?

विकत घेण्याआधी दहा मिनिटं खर्च करा. ‘कट’ आवाज आला म्हणजे रिलेची कॉइल जिवंत आहे. आवाजच आला नाही तर दोष बहुधा चावीच्या बाजूचा, म्हणजे स्विच, बारीक वायर किंवा सैल लग. कट-कट-कट-कट अशी माळ लागली तर पहिला संशय बॅटरीवर घ्या. कॉइल ओढते, सेल्फ करंट मागतो, बॅटरी बसते, कॉइल सोडते, बॅटरी पुन्हा वर येते, असा तो खेळ असतो. अशा वेळी नवीन रिले टाकला तरी नवीन रिलेही कट-कटच करणार.

एकच ठाम ‘कट’ येऊन पुढे काही होत नसेल, तेव्हा मल्टिमीटर काढा. साधा मीटर पुरतो. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, चाकाला दगड. पेट्रोल गाडी असेल तर कॉइलची मधली जाड वायर काढून अर्थला टेकवा, डिझेलला स्टॉप ओढून ठेवा, म्हणजे इंजिन सुरू होणार नाही. मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा आणि दुसऱ्याला चावी मारायला सांगा.

बॅटरीच्या दोन टोकांवर बंद असताना साधारण १२.६ व्होल्ट हवेत आणि सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली जाऊ नयेत. गेले तर आधी बॅटरी चार्ज करा, बाकीचं नंतर. मग मीटरची दोन टोकं रिलेच्या दोन जाड बोल्टवर ठेवा. चावी मारलेली नसताना तिथे बॅटरीचे पूर्ण व्होल्ट दिसतील. चावी मारल्यावर आकडा पाव व्होल्टच्या आसपास उतरला पाहिजे. एक-दोन व्होल्ट दाखवत राहिला, तर आतली चकती जळाली आहे, रिले खरंच गेला. आकडा उतरला आणि तरीही सेल्फ फिरत नाही, म्हणजे रिले करंट देतोय. दोष पुढे सेल्फमध्ये आहे, किंवा अर्थमध्ये.

अर्थकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणून इंजिन आणि चॅसिस जोडणारी विणलेली तांब्याची पट्टी लागते. क्लचचं काम करताना ती काढतात आणि लावायची राहून जाते. मग सेल्फचा करंट परत जायला चोक किंवा अॅक्सिलरेटरची केबल शोधतो आणि ती केबल हाताला चटका बसेल इतकी तापते. हे लक्षण दिसलं तर रिलेला दोष देऊ नका. बॅटरीचं मायनस टोक आणि इंजिनाचा ब्लॉक यांच्यात मीटर लावून सेल्फ मारा. पाव-तीन दशांश व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर पट्टी बदला किंवा बोल्टखालचा गंज घासून काढा. खाडीकाठची खारट दमट हवा आणि कोकणचा पाऊस, दोन्हीकडे हा गंज लवकर धरतो. महिनोनमहिने उभ्या राहणाऱ्या गाडीला तर हमखास.

दुकानात काय विचारायचं

पहिलं व्होल्टेज. ६, १२ की २४? जुनी ६ व्होल्टची जीप नंतर १२ वर नेलेली असेल तर रिलेही १२ चाच हवा, ६ चा कॉइल तापून जळेल. लष्कराच्या लिलावातून आलेल्या काही गाड्या २४ व्होल्टच्या असतात. त्यांना १२ चा टाकू नका.

दुसरं, कॉइलचा अर्थ. तीन टर्मिनलच्या सोलेनॉईडमध्ये दोन जाड बोल्ट आणि चावीचा एक बारीक असतो. कॉइलचं दुसरं टोक पत्र्याच्या पायातून बॉडीला जातं. गाडी नुकतीच रंगवली असेल तर पायाखालचा नवा रंग अर्थ अडवतो आणि नवाकोरा रिले मुका राहतो. हौसेने रंगवलेल्या जुन्या गाड्यांत हे फार होतं. बोल्टच्या जागेचा रंग खरवडा, घट्ट आवळा, वरून थोडं ग्रीस लावा.

तिसरं, चार टर्मिनलची भानगड. चौथा बारीक बोल्ट दोन वेगवेगळ्या कामांचा असू शकतो. काहींत तो कॉइलचा अर्थ असतो. अमेरिकन धाटणीच्या सोलेनॉईडवर बारीक बोल्टांना ‘एस’ आणि ‘आय’ अशी अक्षरं असतात. ‘एस’ चावीचा आणि ‘आय’ इग्निशन कॉइलचा. सेल्फ मारताना बॅटरी बसते तेव्हा स्पार्क जोरात पडावा म्हणून ‘आय’ मधून कॉइलला सरळ करंट जातो. तुमच्या गाडीत ‘आय’ ची वायर असेल आणि तुम्ही चौथा बोल्ट अर्थचा असलेला सोलेनॉईड आणला, तर इग्निशनची वायर अर्थला जोडली जाईल. सेल्फ फिरेल, स्पार्क पडणार नाही, आणि इग्निशन चालू ठेवलं तर वायर तापेल. दुकानातच मीटर ओहमवर ठेवून बघता येतं. ‘एस’ आणि पत्र्याचा पाय यांच्यात काही ओहम दाखवले तर कॉइल बॉडीला अर्थ होते. ‘एस’ आणि चौथ्या बोल्टमध्ये ते दाखवले तर तो चौथा बोल्ट अर्थचा. खरा ‘आय’ बंद अवस्थेत कशालाच जोडलेला नसतो.

चौथं, काम थोड्या वेळाचं की सतत चालणारं. हुबेहूब एकाच डबीत दोन जाती मिळतात. सेल्फचा सोलेनॉईड काही सेकंदांसाठी असतो, त्याची कॉइल जोरात ओढते. दुसरी जात दोन बॅटरी जोडायला वगैरे वापरतात, ती तासन् तास चालू राहू शकते पण ओढ कमी. ती सेल्फला लावली तर कॉन्टॅक्ट नीट दाबले जात नाहीत, ठिणग्या पडतात आणि चकती चिकटते. दुकानदाराला सरळ सांगा, ‘सेल्फसाठीचा, थोड्या वेळाच्या कामाचा द्या.’

बाईकचा रिले स्वस्त, छोटा आणि गावातही मिळतो, म्हणून कारला लावायचा मोह होतो. बाईकचा सेल्फ कारच्या मानाने अगदी थोडा करंट घेतो. तो रिले कारला काही दिवस चालेलही, आणि मग एका सकाळी चिकटेल.

काही जुन्या इंग्रजी गाड्यांत बॅटरीचं मायनसऐवजी प्लस टोक बॉडीला जोडलेलं असतं. साध्या कॉइलला त्याने फरक पडत नाही, पण आत डायोड असलेला रिले उलटा जोडला तर डायोड शॉर्ट होतो. अशा गाडीसाठी बिनडायोडचा घ्या.

माल पारखायला खिशात लोहचुंबक ठेवा. चांगल्या सोलेनॉईडचे जाड बोल्ट तांब्याचे असतात, चुंबक त्यांना चिकटत नाही. नुसता तांब्याचा मुलामा दिलेला लोखंडी बोल्ट लगेच पकडला जातो. चुंबक बोल्टच्या टोकाला लावा, डबीला नव्हे, कारण डबी लोखंडाचीच असते. कुर्ल्याचा सीएसटी रोड किंवा चोरबाजारात जुना अस्सल माल मिळतो, तो वाईट असेलच असं नाही. त्यातले स्क्रूने उघडणारे सोलेनॉईड घरी उघडून चकती उलटी करता येते, दुसरी बाजू कोरी निघते. नवीन बरेचसे दाबून बंद केलेले असतात, ते उघडत नाहीत.

चावीजवळ व्होल्ट कमी पडत असतील तर

सोलेनॉईड सेल्फच्या पाठीवर असलेल्या गाडीत, इंजिन गरम झाल्यावर सेल्फ मुका आणि थंड झाल्यावर पुन्हा चालू, असं होत असेल तर चावीची बारीक वायर सेल्फवर जिथे येते तिथे सेल्फ मारताना मीटर लावा. बॅटरीपेक्षा तिथे दीड-दोन व्होल्ट कमी दिसले, तर जुना इग्निशन स्विच थकला आहे. या सोलेनॉईडची कॉइल पहिल्या झटक्याला बरीच भूक घेऊन उठते, म्हणून त्रास होतो. इथे छोटा ४० अँपिअरचा रिले लावतात. चावीची वायर ८६ ला, ८५ अर्थला, बॅटरीकडून फ्यूज घालून ४ चौरस मिलिमीटरची वायर ३० ला, आणि ८७ वरून तशीच वायर सोलेनॉईडला. मोठा सोलेनॉईड बदलण्यापेक्षा हा उपाय कितीतरी स्वस्त पडतो.

स्क्रू ड्रायव्हर लावून सेल्फ मारणं

रिले गेला की स्क्रू ड्रायव्हर किंवा पाना आडवा टाकून दोन बोल्ट जोडायची रीत सगळीकडे आहे. जीपला करतात, ट्रॅक्टरला तर सर्रास. गाडी गिअरमध्ये राहिलेली असेल आणि माणूस चाकापुढे उभा असेल, तर इंजिन उठताच गाडी त्याच्या अंगावर जाते. ट्रॅक्टरखाली माणसं अशीच सापडतात, मागचं मोठं चाक वरून जातं. जुन्या जीपना गिअर पडलेला असताना सेल्फ अडवणारी सोय नसते. ट्रॅक्टरला ती असते, पण खालून डायरेक्ट केल्यावर तिचा उपयोग राहत नाही. रबरी टोपीखालचं बटण दाबतानाही हाच धोका आहे. नवीन रिले जोडताना क्लचच्या किंवा न्यूट्रलच्या स्विचची वायर ‘अडचण नको’ म्हणून कोणी काढून टाकत असेल, तर काढू देऊ नका.

दुसरा धोका चकती चिकटण्याचा. जुन्या गाडीत बॅटरीपासून सेल्फपर्यंतच्या जाड केबलला फ्यूज नसतो. रिले चिकटला तर चावी काढून काही होत नाही, बॅटरी सुटेपर्यंत सेल्फ ओढत राहतो. बॅटरीजवळ ठिणगी पडली तर तिच्या वायूचा भडका उडू शकतो, म्हणून अशा वेळी टर्मिनल ओढत बसण्यापेक्षा हाताने फिरवायचा बॅटरी कट-ऑफ स्विच आधीच बसवलेला बरा. तो सेल्फचा करंट झेलणारा, जाड बोल्टचा घ्या. गाडी उभी असताना बंद ठेवला की बॅटरीही उतरत नाही.

रिले बदलायला घेताना बॅटरीचं जे टोक बॉडीला जोडलेलं आहे ते आधी सोडा, लावताना शेवटी लावा. सोडण्याआधी वायरींचा फोटो काढा, प्रत्येक वायरीला चिकटपट्टी लावून नाव लिहा. जाड केबलचे लग हिरवे पडले असतील तर नव्या रिलेला तेच लग लावू नका. पेट्रोल गाडीला २५ ते ३५ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल पुरते, डिझेलला ५० ची घ्या.

पन्नास वर्षांवरच्या गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद करणाऱ्यांसाठी एक गोष्ट. जुलै २०२१ च्या केंद्राच्या नियमानुसार अशा गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो, नवीन नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नूतनीकरण ५,००० रुपये. चॅसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल नको अशी अट आहे. रिले या तिन्हींत येत नाही. मात्र या नंबरची गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या वापरासाठी रस्त्यावर चालवता येत नाही, त्यामुळे लग्नाच्या वरातीला भाड्याने द्यायची असेल तर आरटीओत आधी विचारून घ्या.